अनवाणी, मागच्या सीटवर

गाडीत बसण्याआधी ते चपला काढून डाव्या हातात घ्यायचे आणि मागच्या सीटवर, डाव्या बाजूला, अनवाणी बसायचे. गाडी शोरूममधून निघालेली नवी कोरी असो की शेतातून चिखलानं माखून आलेली जुनी जीप. तळपाय मॅटवर सपाट, हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले. गाडी चालवणारं गिऱ्हाईक आरशातून मागे पाहायचं आणि मला हळूच विचारायचं, ‘यांची तब्येत बरी आहे न?’

‘काका तुमचा पाय पाहून राह्यले,’ मी सांगायचो.

‘डोळे मिटून?’

मागून उत्तर यायचं, ‘डोये उघडले का रस्ता दिसते, साहेब. मले रस्ता नाही पाह्याचा. चालवा तुम्ही.’

यवतमाळात दारव्हा रोडवर आमचं गाड्यांचं शोरूम आहे. मी तिथं सेल्समन म्हणून लागलो, आता मॅनेजर आहे. काकांना मालकांनी नव्या गाड्या गिऱ्हाइकाच्या दारात पोचवायला ठेवलं होतं. त्याआधी तीसेक वर्षं त्यांनी कापसाच्या गाठींचा ट्रक चालवला होता. त्यांच्या वेळचे ड्रायव्हर अजून सांगतात की एकाच मालकाचे दोन सारखे ट्रक एकाच रस्त्यानं जायचे, पण काकांच्या ट्रकला डिझेल नेहमी कमी लागायचं. कसं काय, असं कोणी विचारलं की ते म्हणत, ‘ट्रक तं चांगलाच हाये. पाय ठेवताना त्याले विचारा लागते.’

मला ते पहिल्या दिवसापासून ‘मॅनेजर’ म्हणत. तेव्हा मी साधा सेल्समन होतो, टायची गाठ रोज चुकायची. मी खरोखर मॅनेजर झालो त्या दिवशी त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, ‘आता तुले काय म्हनू? हे नाव तं मी आधीच वापरून टाकलं.’

त्यांच्याबद्दल लोक हसतहसत सांगतात. मीही तसंच सांगत आलो. पण माझ्या हातून त्यांचं जे नुकसान झालं ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्याजवळ एकच गोष्ट स्वतःची होती, पायांची पारख. तिच्यावरचा त्यांचा विश्वास मी मोडला. तो मोडताना मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता.

हायब्रीड गाड्या आमच्याकडे आल्या तेव्हा कंपनीनं आम्हाला शिकवायला एक साहेब पाठवले. पडद्यावर चित्रं, बाण, आकडे. काका मागे भिंतीला टेकून उभे. शेवटी साहेबांनी विचारलं, कोणाला काही शंका? काकांनी हात वर केला.

‘साहेब, हे गाडी कोनासाठी हाये?’

‘सगळ्यांसाठी.’

‘मंग कोनासाठीच नाही,’ काका म्हणाले आणि चहा घ्यायला निघून गेले.

साहेबांनी दोन तास जे समजावलं ते काकांनी संध्याकाळी आम्हा पोरांना पाच मिनिटांत सांगितलं. आमच्याकडे दोन प्रकारच्या हायब्रीड होत्या, माइल्ड आणि स्ट्राँग. ‘माइल्ड म्हंजे एक बैल वढते अन् बाजूले गोऱ्हा बांधला हाये शिकाले. निंगताना थोडासा खांदा लावते, बाकी सारं त्या एकट्याच्या जीवावर. स्ट्राँग म्हंजे खरी जोडी. हळू चालाचं असन तं दुसरा एकटाच वढते, पयला आराम करते. अन् उतारावर, थांबताना, चालता चालता चारा बी खाते.’

पहिला बैल म्हणजे इंजिन, दुसरा विजेवर चालणारी मोटर आणि चारा म्हणजे बॅटरीत परत येणारी वीज. ब्रेक हलका दाबला की गाडीची चाल वाया न जाता वीज होऊन बॅटरीत शिरते. दाणकन दाबला की तीच चाल चाकांपाशी गरम होऊन उडून जाते. एवढं मी त्यांच्याकडून शिकलो आणि पुढे शेकडो गिऱ्हाइकांना माझं म्हणून सांगितलं.

काका बंजारा समाजाचे. बोरी अरबजवळच्या एका तांड्यावर त्यांचं घर. त्यांचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख तुडवायचे, त्याला लदेणी म्हणतात. काकांनी ती पाहिलेली नव्हती, पण ऐकलेली मात्र सगळी होती. ‘बैल तोच राह्यते, मॅनेजर,’ ते म्हणत, ‘हाकनारा बदलला का कोस बदलते. आमचे बुढे बैल इकत घ्याले गेले का सोबत हाकनारा नेत. तुम्ही लोक गाडी दाखवता, रंग दाखवता, अन् चालवनाऱ्याले खुर्चीवर बसवून कोल्ड्रिंक पाजता.’

म्हणून गिऱ्हाईक आलं की त्यांचा पहिला प्रश्न एकच, ‘चालवनार कोन?’

दिग्रसचं एक जोडपं आलं होतं. बाई डॉक्टर, दवाखाना ते घर, घर ते बाजार, तिथून तपासायला कोणाच्या घरी, असं त्यांचं दिवसभर गावातल्या गावात फिरणं. त्यांच्या नवऱ्यानं, म्हणजे साहेबांनी, मोठी डिझेल गाडी घ्यायचं घरूनच ठरवून आणलं होतं.

‘चालवनार कोन?’

‘चालवेल ही,’ साहेब म्हणाले, ‘पण गाडी मी पाहणार.’

‘मंग तुम्ही गाडी पाहा. गाडी काचेपाशी उभी हाये. आमी बाईसंग जाऊन येतो.’

बाई हसत सुटल्या. मी पुढे बसलो, काका मागे. बाईंचा पाय म्हणजे जरा दाब, सोड, ब्रेक, जरा दाब. एक बकरी दिसली तरी हलकाच ब्रेक. परत आल्यावर काका चपला घालत म्हणाले, ‘कोंबडीचा पाय हाये. राग नोका धरू बाई, चांगलाच हाये. टोचत राह्यते. डिझेल गाडीत असा पाय इंजिनले मारून टाकते. स्ट्राँग घ्या. जितक्या डाव सोडसान तितक्या डाव ते दाना परत देईन.’

बाईंनी स्ट्राँग घेतली. पुढे सर्व्हिसिंगला आल्या की आधी विचारत, ‘माझे कोंबडीवाले काका कुठे आहेत?’

आणि ढाणकीचे एक व्यापारी. शेजाऱ्यानं स्ट्राँग घेतली म्हणून यांनाही तीच हवी. काकांनी त्यांना हायवेला न्यायला लावलं. अर्धा तास गाडी एकाच वेगानं गेली. मला झोप लागायची वेळ आली. ‘दगडाचा पाय,’ काका म्हणाले. ‘ठेवला का ठेवला. शेठजी, तुमी नांदेडले जाता, नागपूरले जाता, मधात थांबतच नाही. मंग त्या बिचाऱ्या दुसऱ्या बैलानं खावं काय? उपाशी मरन. माइल्ड घ्या, नाहीतं साधी घ्या.’

व्यापारी स्वस्तातली गाडी घेऊन खूश होऊन गेले. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ‘हा माणूस आपला आहे की गिऱ्हाइकाचा?’

बाहेर आलो तर काका काचेवरचे बोटांचे ठसे पुसत होते. ‘शिव्या खाल्ल्या न?’ ते म्हणाले. ‘घे, सुपारी खा.’

गाडीत बसताना त्यांच्या दोन अटी असत. पहिली, समोरचा पडदा झाकायचा. हायब्रीड गाडीत किती इंधन जातंय ते पडद्यावर सतत दिसतं, त्याच्यावर ते आपला दुपट्टा टाकायचे. ‘ते पाहून मानूस पाय बदलवते. परीक्षेत कॉपी हाये हे.’ दुसरी अट जास्त कडक होती. गाडीत चालवणारा, ते आणि मी. चौथं माणूस नको. बायको नको, मित्र नको आणि वडीलधारं तर मुळीच नको.

ही दुसरी अट कशी आली तेही सांगतो. एक नवरदेव होणार होता, सासरकडून गाडी, म्हणून सासरे सोबत. पोरगा असा चालवत होता की जणू मागे अंडी ठेवली आहेत. काका परत येताना वाटेत म्हणाले, ‘सासरेबुवा, तुमाले इथं उतरवतो, पान खा, आमी येतो.’ सासरे उतरले. पुढच्या चौकापर्यंत पोचेस्तोवर माझं डोकं दोनदा छताला लागलं. काका डोळे मिटून हसत होते. ‘आता बोलला! मानसासमोर तोंड खोटं बोलते हे मले मालूम होतं, मॅनेजर. बापासमोर, सासऱ्यासमोर पाय बी खोटं बोलते.’

अशी होती त्यांची विद्या. ती कुठे लिहिलेली नव्हती. तळपायातून वर यायची, डोळ्यांच्या पापण्या जरा थरथरायच्या आणि मग ते आकडा सांगायचे, ‘ही गाडी यांच्या हातात अठराचा ॲव्हरेज देईन.’ सहा महिन्यांनी गिऱ्हाईक येऊन सांगायचं, साडेसतरा. काका उरलेल्या अर्ध्यासाठी हवा, टायर आणि रस्त्यावरचे खड्डे यांना जबाबदार धरत.

मग बाभुळगावचे बापलेक आले.

वडील निवृत्त हेडमास्तर. स्वच्छ पांढरा सदरा, बोलणं तोलून. मुलगा ठिबक सिंचनाचं सामान विकायचा, रोज अमरावती नाही तर नागपूर. हेडमास्तरांनी काकांचं नाव ऐकलं होतं. ते म्हणाले, ‘तुमच्याकडे पाय पाहून गाडी सांगणारे एक गृहस्थ आहेत म्हणे. ते म्हणतील ती गाडी आम्ही घेऊ.’

आदल्या संध्याकाळी मुलगा एकटा येऊन गेला होता. त्याच्यासोबत मी बाभुळगाव रस्त्यानं दहा मिनिटं फिरलो होतो. पाय म्हणजे आग. समोर ट्रक दिसला की जोर, ट्रक आला की दाणकन ब्रेक, पुन्हा जोर. मी वरचा दांडा धरून बसलो होतो. काकांनी त्याला स्ट्राँग कधीच घेऊ दिली नसती, हे मला तेव्हाच कळलं होतं. आणि आमच्याकडे एक पांढरी स्ट्राँग चार महिन्यांपासून उभी होती. मालक रोज तिच्याभोवती एक फेरी मारायचे आणि माझ्याकडे पाहायचे.

त्या दिवशी मी हेडमास्तरांसाठी पुढचं दार उघडलं. ‘बसा न सर.’

काका चपला हातात घेऊन थांबले. मला बाजूला बोलावलं. ‘बाप कायले गाडीत?’

मी म्हणालो, ‘काका, ते रोजच सोबत जातात. बाप पुढे, पोरगा गाडी चालवते. त्यायचं तसंच आहे. मग तसाच पाय पाहा न.’

ते एक क्षण माझ्याकडे पाहत राहिले. त्यांनी माझ्यावर संशय घेतला असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, ‘हां. मंग बराबर हाये. जे रोज हाये तेच पाह्याले पायजे.’ आणि अनवाणी मागे बसले.

पोरानं गाडी अशी चालवली की काय सांगू. हेडमास्तर शेजारी ताठ बसले होते. वळणावर हलका ब्रेक, सिग्नलच्या शंभर पावलं आधी पाय वर. मी मागे काकांच्या शेजारी होतो, त्यांचा चेहरा वळून पाहिला. तो चेहरा मी विसरू शकत नाही. आवडीचं गाणं लागल्यावर माणसाचा होतो तसा झाला होता.

‘तुपाचा पाय,’ उतरल्यावर ते म्हणाले. ‘लय सालात असा पाय नाही पाह्यला. मास्तर, तुमी पोराले चांगलं शिकवलं. स्ट्राँग घ्या. बावीस देईन. माही जबान.’

‘माही जबान’ ते कधी म्हणत नसत. त्या दिवशी म्हणाले.

सात-आठ महिन्यांनी मुलगा आला तो थेट माझ्या केबिनमध्ये. ‘पंधरा! पंधराच्या वर एक दिवस नाही गेली. बाबांसमोर मला बोलता येत नाही, पण त्या तुमच्या काकांना सांगा, हे ज्योतिष बंद करा म्हणावं.’ मी एक सर्व्हिसिंग फुकट करून दिली, चहा पाजला, रवाना केलं. दार उघडंच होतं. काका बाहेर उभे होते.

‘किती म्हनला?’

‘पंधरा.’

‘मी बावीस म्हनलो होतो.’ त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. ‘टायर?’

‘पाहिले. ठीक आहेत.’

‘बाप रोज सोबत असते न त्याच्या?’

इथं मला सांगता आलं असतं. एक शब्द लागला असता. पण मग मालकांना कळलं असतं, त्या पोराला कळलं असतं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे काकांना कळलं असतं की त्यांच्या मॅनेजरनं काय केलं. मी म्हणालो, ‘हो, असतात.’ आणि त्यांचा चेहरा पाहवेना म्हणून खांद्यावर हात ठेवला. ‘होते कधी कधी, काका. आता वय झालं न तुमचं.’

काच पुसायचं फडकं त्यांनी घडी करून खिशात ठेवलं.

त्यानंतर ते दोन-तीन गिऱ्हाइकांसोबत बसले. एकदा उतरून म्हणाले, ‘मले काई समजलं नाही, साहेब, तुमाले आवडन ते घ्या.’ एकदा मी मागे पाहिलं तर त्यांचे डोळे उघडे होते, रस्त्याकडे. आणि एके दिवशी ते चपला घालूनच गाडीत बसले. पुढच्या महिन्यात किल्ल्या काउंटरवर ठेवून ते गेले. मी बाहेर एका डिलिव्हरीत होतो. पोरांनी विचारलं तर म्हणाले, ‘वावरात काम हाये.’

तीन वर्षं झाली. आता शोरूममध्ये एक टॅब्लेट आहे. त्यावर दहा प्रश्न येतात, तुम्ही गाडी कशी चालवता? शांत, मध्यम की वेगवान? सगळेच शांतवर बोट ठेवतात. टॅब्लेट त्यांना गाडी सुचवतो. गाड्या जातात. मालक खूश आहेत. आणि मी टेस्ट ड्राइव्हला पुढे बसतो तेव्हा उगाच मागे पाहतो. मागची डावी सीट रिकामी असते, नाहीतर तिच्यावर कोणाची बायको बसलेली असते. मला त्या खेडवळ आवाजाची आठवण येते. वाटतं आत्ता मागून कोणी म्हणेल, ‘मॅनेजर, खिडकी लाव, पाय ऐकू नाही येत.’ एकटा घरी जाताना मी कधी कधी बूट काढून ठेवतो आणि अनवाणी पायानं गाडी चालवून पाहतो. मला थरथर जाणवते, पण तिचा अर्थ लागत नाही.

या दिवाळीत माझा मुलगा कॉलेजातून घरी आला. त्यानं मला गाडीत बसवून पुसदला नेलं. इतकी नीट चालवली की मी घरी येऊन बायकोजवळ कौतुक केलं. दोन दिवसांनी शेजारचे भाऊ म्हणाले, ‘भाऊ, पोराले जरा सांगा. काल आर्णी रोडवर आमच्या बाजूनं गेला तं आमी जीव मुठीत धरला.’ मी हसण्याचा प्रयत्न केला. जेवताना मी भाकरी नुसती कुस्करत बसलो. बायकोनं विचारलं तेव्हा मी पहिल्यांदा सगळं तिला सांगितलं. ती ताट आवरता आवरता म्हणाली, ‘मले सांगून काय होते? उद्या रविवार आहे.’

तांड्यावर पोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. अंगणात सोयाबीनचं कुटार, मळणीनंतरचा भुसा, पडलेलं. काका बाजेवर बसून दोरी वळत होते. केस पांढरे झाले होते. काकू आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

‘ये, मॅनेजर,’ ते म्हणाले, जणू मी कालच येऊन गेलो होतो. ‘कोनती गाडी आनली?’

‘जुनीच आहे, काका.’

काकू म्हणाल्या, ‘तुमच्याइथून आल्यापासून गाडीत नीट बसतच नाही हे. लेक जीपनं बाजारात नेते तं डोये फाडून रस्ता पाहत राह्यते. लेक म्हनते, बापू, तुमी आरामात बसा न. तं हे म्हनते, आता मले काई समजत नाही, पाहून घेतलेलं बरं.’

मी तांब्या खाली ठेवला. बाजेवर न बसता जमिनीवर बसलो आणि सांगितलं. तो पोरगा एकटा आला होता त्या संध्याकाळपासून सुरू केलं. पांढरी गाडी, मालकांच्या फेऱ्या, पुढचं दार, सगळं. काका दोरी वळत राहिले.

‘बाप रोज जात नव्हता?’

‘एक दिवसही नाही, काका. तो एकटाच जाते.’

‘एकटा कसा चालवते?’

मी सांगितलं. ट्रक दिसला की जोर, मग दाणकन ब्रेक. हातानं दाखवलं. त्यांनी दोरी थांबवली, डोळे मिटले. मांडी घातलेल्या पायांचे अंगठे जरासे हलले.

‘मंग पंधरा बराबर हाये,’ ते म्हणाले. त्यांचा आवाज उजळला. ‘अरे, बराबर हाये! असा पाय असन तं चारा कुठून खाईन ते? पंधरा म्हंजे जास्तच देऊन राह्यली बिचारी! ऐकलं का,’ त्यांनी काकूंकडे वळून म्हटलं, ‘मी चुकलो नव्हतो. बाप शेजारी बसला तं बावीसच!’

काकू हसल्या. मीही हसलो. मग काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचं हसणं ओसरलं. कोंबड्या कुटारात उकरत होत्या.

‘तीन साल,’ ते म्हणाले. ‘मले वाटलं माहे पाय मेले.’

‘माफ करा, काका.’

‘वय झालं म्हनला तू मले.’

त्यांनी दोरी पुन्हा हातात घेतली.

‘मले कायले सांगतं?’ ते म्हणाले. ‘मले सांगून तू मोकया झाला. माही जबान त्या मास्तरच्या घरात पडली हाये. ते त्या घरातून उचलून आन, जाय. मंग पाहू.’

‘जातो.’

‘आजच जाय. उद्या तुले शोरूम राह्यते.’

काकूंनी चहाचा आग्रह केला. काका म्हणाले, ‘त्याले दूर जाचं हाये.’

बाभुळगावला हेडमास्तर ओसरीवर पेपर वाचत होते. मुलगा घरीच होता. मी दोघांसमोर उभा राहून सांगितलं. मुलाचा चेहरा आधी माझ्यावर तापला, ‘म्हणजे तुम्हाला माहीत होतं?’ आणि मग त्याला कळलं की मी सांगतोय त्यात त्याच्याबद्दलही काही आहे, आणि त्याची नजर बाबांकडे गेली.

हेडमास्तरांनी चष्मा काढला. ‘एकटा असताना किती वेगानं चालवतोस?’

‘बाबा, ते जाऊ द्या न आता.’

‘किती?’

मुलगा माझ्याकडे पाहत म्हणाला, ‘शंभर. एकशे दहा.’

‘एकशे तीस,’ त्याची बायको आतून म्हणाली.

हेडमास्तरांनी पेपरची घडी करून बाजूला ठेवली. मग मला म्हणाले, ‘तुम्ही जे केलं त्याबद्दल मी तुम्हाला काय बोलू? त्या गृहस्थांचा नंबर द्या.’

त्यांनी स्वतः फोन लावला. मला त्यांचंच बोलणं ऐकू येत होतं. ‘नमस्कार. मी बाभुळगावहून बोलतो, मास्तर... हो, तोच. काका, तुमचा शब्द खरा होता. आमच्याकडून खोटं कळलं होतं तुम्हाला... नाही, नाही, तुम्ही काय माफी मागता? तुम्ही तर एकच दिवस बसलात, मला बापाला माझ्या पोराचा पाय आज कळला...’ मग ते हसले, खरोखर हसले, आणि फोन मुलाच्या हातात दिला. मुलगा उभा राहून बोलत होता. ‘हो काका... हो... हो, दाणकनच दाबतो... नाही, तसं कोणी सांगितलंच नाही कधी...’ बोलता बोलता तो उजवा पाय चपलेतून काढून फरशीवर हळूहळू दाबून पाहत होता.

तो थांबला तेव्हा मी हात पुढे केला. मला वाटलं, काका फोन मला द्यायला सांगतील.

‘फोन ठेवला त्यांनी,’ मुलगा म्हणाला.

‘काय म्हणाले?’

‘येत्या रविवारी येतो म्हणाले, बसनं. गाडीत बसून शिकवतो म्हणाले मला. बाबांना घरी ठेव म्हणाले.’ तो जरा अडखळला. ‘आणि तुम्हाला बोलावू नको म्हणाले. आम्ही दोघंच.’

हेडमास्तरांनी आत चहा सांगितला. मी ओसरीवर बसलो, पुढे केलेला हात मांडीवर ठेवला आणि चहा येईपर्यंत बसून राहिलो.